स्मोकर नसताना घरच्या घरी धुराच्या चवीचं पुल्ड पोर्क

ओसरी

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. अपार्टमेंट वरच्या मजल्यावर, बाल्कनी लाकडी. तिथे कोळशाची किंवा गॅसची ग्रिल ठेवायची नाही असं भाडेकरारातच लिहिलंय. अख्खी इमारत लाकडाची, त्यामुळे नियमाबद्दल तक्रार नाही. पण ज्या राज्यात बार्बेक्यू म्हणजे पोर्क हे वेगळं सांगावं लागत नाही, तिथे राहून घरी डुकराचा खांदा करायचाच नाही, हे काही पटेना. स्मोकरशिवाय, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायच्या उपकरणाशिवाय, जे जमलं ते लिहिते. भर घाला. आधी कुणी धागा काढला असेल तर सांगा, हा उडवते.

मांस इतकं मऊ होणं की ओढून दोरे सुटावेत (तेच पुल्ड पोर्क), आणि त्याला धुराची चव लागणं, ही दोन वेगळी कामं आहेत. स्मोकर ती एकाच वेळी करतो म्हणून एकच वाटतात. पहिल्या कामाला लाकूड लागत नाही, नुसती मंद आच आणि वेळ लागतो, आणि ते ओव्हन चोख करतो. दुसरं काम शेवटी, वेगळ्या भांड्यात, पंधरा-वीस मिनिटांत उरकता येतं.

मांस खांद्याचंच घ्या. इथे बोस्टन बट म्हणून मिळतो तो खांद्याचा वरचा भाग, फऱ्याचं हाड असलेला. चरबी आणि शिरा भरपूर, आणि नेमक्या त्याच हव्यात. पाठीचं लुसलुशीत मांस आणलंत तर लाकडाचा भुसा खाल.

दोन किलोला २५ ते ३० ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून फ्रिजमध्ये उघडंच ठेवायचं. सकाळी मसाला: ब्राऊन शुगर, मिरपूड, मोहरीची पूड, लसूण पावडर आणि सढळ हाताने स्मोक्ड पॅप्रिका. ही शेवटची चैन नाही, धुराचा पहिला हप्ता आहे. स्पेनमध्ये ला व्हेराला मिरच्या ओकच्या धुरावर वाळवून मग दळतात. साधी पॅप्रिका घालून हे काम होत नाही.

ओव्हन १२० अंश सेल्सियस. ट्रेवर जाळी, जाळीवर मांस, झाकण नाही. मांसात खुपसून ठेवायचा थर्मामीटर असेल तर फार बरं. तो ६५-७० पर्यंत बऱ्यापैकी चढतो आणि मग तासन् तास हलत नाही. घाबरून आच वाढवू नका. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने हे होतं: पृष्ठभागावरून ओल उडत असते आणि ती उष्णता घेऊन जाते. बाहेरचा थर गडद, खरपूस झाला असेल तर आता दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचं. ओल उडायची थांबली की पारा पुन्हा चढतो. ९३ ते ९६ च्या दरम्यान तयार. हाड धरून ओढलं की मांसाचा कणही न चिकटता स्वच्छ निघून येतं, तेव्हा थर्मामीटरला विचारायचीही गरज नाही. फॉइलमध्येच तासभर मुरू द्या. आतला रस आणि चरबी टाकून दिली तर तुमचं-माझं पटणार नाही.

आता धूर. लोक अख्ख्या तुकड्याला धुरी देतात, मी आधी मांस सोडवून घेते. धुरातली सुवासिक द्रव्यं गार आणि ओलसर पृष्ठभागावर चांगली बसतात, आणि दोरे सुटल्यावर पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढलेला असतो. म्हणून मांस कोमट होऊ द्यायचं, त्यावर थोडं सॉस शिंपडायचं, आणि पसरट फॉइल ट्रेमध्ये सैलसर पसरायचं. जाड लोखंडी भांड्याच्या तळाला फॉइल, त्यावर दोन-तीन चमचे हिकरीच्या लाकडाचा बारीक भुगा, वर छोटी जाळी, जाळीवर ट्रे. झाकणाच्या कडा फॉइलने बंद. मोठ्या आचेवर धूर दिसू लागला की आच मध्यम, दहा-बारा मिनिटं. बंद करून आणखी दहा मिनिटं तसंच. झाकण बाल्कनीत नेऊनच उघडा. नॉनस्टिक भांडं चुकूनही घेऊ नका, कोरडं तापलं की त्या थराचा धूर विषारी असतो.

सॉस इथल्या पूर्व भागातलं करते: अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, मीठ, मिरीची भरड, लाल मिरचीचे चिलीफ्लेक्स, चिमूटभर साखर. टोमॅटोचा थेंब नाही. पश्चिमेला लेक्झिंग्टनकडे गेलात की त्यातच केचप येतं, आणि खाली साऊथ कॅरोलायनाच्या मध्य भागात मोहरीचं पिवळं सॉस. त्यावरून इथे लोक खरोखर भांडतात.

तिरफळ

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! वाचनखूण साठवली. पण पुण्यात खांदा कुठे मिळणार? आणि ओव्हन म्हणजे आमच्याकडे केकपुरता छोटा ओटीजी.

कॅम्पवाला

@तिरफळ, कॅम्पात शिवाजी मार्केटला सकाळी जा. दुकानात पाऊल टाकताक्षणी सांगायचं, "अख्खा तुकडा पाहिजे, कापायचा नाही." एवढं बोलेपर्यंतही उशीर होतो कधीकधी. आपल्याकडे पोर्क म्हणजे करीच, त्यामुळे हात आपोआप बोटभर तुकड्यांकडे वळतो. कातडी मात्र काढून घ्या, मंद आचेवर ती चामट राहते आणि तिच्याखाली मसाला पोचत नाही. चरबीचा थर ठेवायला सांगा.

ओटीजीत दीड किलोचा तुकडा आरामात बसतो. फक्त वरची कॉइल बंद करा, नाहीतर वरून कोळसा आणि आतून कच्चं.

ऑस्टिनचा नाना

ताई, मेहनत दिसतेय, पण याला बार्बेक्यू म्हणू नका. हे ओव्हनमधलं पोर्क रोस्ट झालं, वरून अत्तर लावलेलं. लाकडाच्या धुरात बारा तास बसलेल्या मांसाला कापल्यावर जी गुलाबी कडा दिसते ती कुठून आणणार? आमच्याकडे पोस्ट ओकचं लाकूड, बाजूला फायरबॉक्स, आणि शनिवारची रात्र जागून काढायची. त्याला पर्याय नाही.

ओसरी

नाना, बार्बेक्यू म्हटलेलं नाहीच, शीर्षक पुन्हा वाचा :)

गुलाबी कडा दिसायला छान, पण तिला चव नाही. जळणाऱ्या लाकडातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटतात आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो, एवढाच तिचा अर्थ. धुराची चव येते ती ग्वायकॉल, सिरिंगॉल असल्या द्रव्यांनी. ती भुग्यातूनही निघतात. खरपूस बाहेरचा थर ओव्हनमध्येही येतो, मांस उघडं ठेवलं तर. तोच बारीक करून आतल्या मऊ मांसात मिसळायचा.

शिवाय तुमचं टेक्सास आणि आमचं कॅरोलायना यांचा धूरच वेगळा. इथल्या जुन्या ठिकाणी हिकरी-ओकची लाकडं बाजूला जाळून निखारे करतात आणि ते फावड्याने मांसाखाली पसरतात. मांसातली चरबी निखाऱ्यांवर ठिबकते आणि तिचा धूर वर जातो. अर्धी चव त्या ठिबकणाऱ्या चरबीची असते.

रंकाळ्याकाठी

ओसरीताई, शेवटचं वाक्य वाचून खुर्चीत सरळ बसलो. निखाऱ्यावर चरबी ठिबकवायची, म्हणजे आपला धुंगारच की! मग लोखंडी भांडं, भुगा, जाळी कशाला? इकडे हिकरी कोण देणार?

सगळे धुंगाराला तूप घालतात, तिथे गाडी चुकते. तूप घातलं की पोर्कला दाल मखनीचा वास येतो. तुपाऐवजी त्याच मांसातून सुटलेली चरबी घाला. मी मटणाच्या सुक्क्याला मटणाचीच चरबी वापरतो, म्हणून सांगतो.

कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणतो, लाकडाचा असतो. दुकानात बार्बेक्यूसाठी म्हणून मिळणाऱ्या दाबून केलेल्या गोळ्या नकोत, त्यात काय काय मिसळलेलं असतं. गॅसवर जाळी ठेवून कोळसा सगळीकडून लाल होऊन वर पांढरी राख धरेपर्यंत थांबायचं. अर्धवट पेटलेला घातला तर घशाशी लागणारा कडवट धूर येतो. मांसाच्या मधोमध स्टीलची वाटी, त्यात निखारा, त्यावर अर्धा चमचा चरबी, आणि लगेच झाकण. लगेच म्हणजे चमचा खाली ठेवायच्याही आधी. पाच मिनिटांनी वाटी बाहेर. कमी वाटलं तर नवा निखारा, नवी चरबी. तोच निखारा अर्धा तास ठेवून उपयोग नाही, नंतर नुसती राख आणि करपट वास.

ओसरी

दंडवत! चरबी वापरायचं खरंच सुचलं नव्हतं. माझी शेगडी काचेची इलेक्ट्रिक, त्यावर कोळसा पेटणार नाही, पण गॅस असलेल्यांसाठी हीच पद्धत वर ठेवायला हवी.

शुभ्रा_क

एक सूचना करते. वाटीतला एक निखारा, खिडकी उघडी ठेवून, ठीक आहे. पण उत्साहाच्या भरात कोळशाची शेगडी घरात आणून पेटवू नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. काम झालं की निखारा पाण्यात बुडवा, कचऱ्याच्या डब्यात नको.

म्हैसकर बिघडलेले

एवढा उपद्व्याप कशाला? बाटलीतलं लिक्विड स्मोक एक चमचा टाका, विषय संपला. हवाईत घरोघरी कालुआ पिग असंच करतात. खरं ते जमिनीतल्या इमूत तापलेल्या दगडांवर शिजतं, पण सोसायटीत खड्डा खणायला कमिटी परवानगी देईना.

म्युनिकची माई

अहो बिघडलेले, त्या बाटलीवर विसंबू नका. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये आठ धूर-स्वाद तपासले आणि एकाच्याही बाबतीत जनुकांना इजा होण्याची शंका दूर झाली नाही. २०२४ मध्ये युरोपियन युनियनने त्यांची परवानगी पुढे वाढवायची नाही असं ठरवलं. सॉस, चिप्स वगैरेंना दोन वर्षांची मुदत, हॅम, मासे, चीज यांना पाच.

ओसरी

माई, बरं झालं लिहिलंत. दुसरी बाजूही सांगते. ही बाटली म्हणजे कारखान्यातलं काहीतरी रसायन, असा बऱ्याच जणांचा समज असतो. लाकडाचा धूरच थंड करून पाण्यात धरतात आणि डांबर गाळून टाकतात. कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने १८९५ च्या सुमारास ती बाजारात आणली. आणि खरा धूर तरी कुठे निर्दोष आहे? त्यातही पॉलिसायक्लिक संयुगं असतातच, आणि त्यातली काही कर्करोगकारक असतात.

माझी अडचण चवीची आहे. चमचाभर म्हणजे फारच झालं, दोन किलोला पाव चमचा पुरतो. त्यापुढे मांसाला विझवलेल्या होळीचा वास येतो. वापरायचंच तर सॉसमध्ये मिसळून वापरा, मांसावर थेट ओतू नका, एकाच जागी बसतं.

सासष्टीकार

मडगांवहून देव बरें करूं. इतका वेळ सगळे व्हिनेगर-मिरचीच्या सॉसबद्दल बोलताहेत आणि कुणाला गोंय आठवलं नाही! अ‍ॅपल सायडर व्हिनेगर इथे महाग, आणि गरजही नाही. माडाच्या सुरेचं व्हिनेगर घ्या. त्याचा आंबटपणा गोलसर, आंबवलेल्या वासाचा, पोर्कच्या चरबीला चांगला कापतो. आम्ही चौरिसात आणि विंदालूत तेच घालतो. सॉस करताना साखरेऐवजी माडाचा गूळ घालून बघा.

आणि बर्गर बन नको हो. पोई आणा, कोंड्याची, आतून पोकळ. तव्यावर गरम करून पोटात मांस भरायचं. रस सगळा पोई पिते, हातावर ओघळत नाही.

ऑस्टिनचा नाना

सासष्टीकारांचा मुद्दा पटला. पुढच्या वेळी घरून येणाऱ्यांना सुरेचं व्हिनेगर आणायला सांगतो. बाकी माझं मत तेच.

इंदिरानगर_बंगळूर

माझा मार्ग सगळ्यांत आळशी आहे. आमच्याकडे ईशान्येकडच्या मुलामुलींसाठी दुकानं आहेत, तिथे नागा पद्धतीचं धुरावलेलं पोर्क मिळतं. चुलीच्या वर टांगून कित्येक दिवस धुरावर वाळवलेलं, बाहेरून काळंकुट्ट, कडक. शेजारच्या दिमापूरच्या मुलीने ओळख करून दिली. ते गरम पाण्याने धुऊन, त्याचे पाव किलो तुकडे दीड किलो साध्या खांद्याबरोबर शिजवायचे. अख्ख्या भांड्याला धूर लागतो. शिजल्यावर तेही सोडवून मिसळून टाका. मीठ आधी कमी घाला आणि शेवटी चव बघून वाढवा.

ओसरी

हे भारीच! इथे हाच खेळ स्मोक्ड हॅम हॉकने होतो, म्हणजे धुरावलेल्या नळीच्या तुकड्याने. जाड बेकनच्या पट्ट्या मांसावर अंथरूनही थोडा परिणाम मिळतो, पण ते बहुतेक मिठाचंच काम असतं.

तिरफळ

ओटीजीत आठ तास वीज जाळायची माझी हिंमत नाही. कुकरमध्ये होईल का?

कॅम्पवाला

होतं की. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून शिरा भराभर विरघळतात. पण मोठा तुकडा घालू नका. मुठीएवढे चार-पाच करा, आधी कढईत सगळ्या बाजूंनी चांगले लालसर परता. ही पायरी गाळली तर उकडलेलं मांस मिळेल, चव मिळणार नाही. वाटीभर पाणी, थोडं व्हिनेगर, एक कांदा. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक, पाऊण ते एक तास. प्रेशर आपोआप उतरू द्या. काट्याने दोरे सुटत नसतील तर पुन्हा पंधरा मिनिटं. मांस बाहेर काढून रस आटवा, वरची चरबी वेगळी काढून ठेवा (रंकाळ्याकाठींच्या निखाऱ्यासाठी), दोरे सोडवा, गरम तव्यावर पसरून एक बाजू करपेपर्यंत हलवू नका. मग धुंगार.

ज्येष्ठ_नागरिक_५५

हौस छान आहे, पण डुकराच्या मांसात जंत असतात, ते मेंदूत जातात. भारतात तरी हे धोक्याचं नाही का?

शुभ्रा_क

काका, अर्धकच्च्या मांसातून फीतकृमी पोटात जाऊ शकतो हे खरं. पण इथे मांस तासन् तास शिजून आतून ९० अंशांच्या वर जातं, त्यात कृमी जिवंत राहत नाही. मेंदूतला आजार होतो तो त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि अंडी येतात घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून आणि भाजीपाल्यातून. तो शाकाहारी माणसांनाही होतो. कच्चं मांस हाताळल्यावर हात, सुरी, पाट साबणाने धुवा, आणि कोशिंबीर चिरायला वेगळा पाट घ्या.

फणसपोळी

आम्हां गवतखाऊंसाठी काही?

रंकाळ्याकाठी

नावातच आहे की तुमच्या! कोवळा कच्चा फणस, भाजीला घेतो तसा. गरे धरायच्या आधीचा. कुकरला दोन शिट्ट्या, हाताने चेचून दोरे मोकळे करा, पाणी घट्ट पिळून काढा, मग तोच मसाला आणि तव्यावर खरपूस. चरबी नसते म्हणून तेलात हात आखडू नका. निखाऱ्यावर मग तूप चालेल.

घाटकोपरची घाई

काल केलं! कुकर पद्धत, चरबीचा धुंगार, सुरेचं व्हिनेगर. चव अशी की नवरा बोलायचा थांबला. पण झाकण ओट्यावरच उघडलं आणि हॉलमधला स्मोक डिटेक्टर बोंबलला. वॉचमन वर, मागोमाग चौदाव्या मजल्यावरचे सेक्रेटरी. दोघांनाही पाव भरून द्यावा लागला. सेक्रेटरी शाकाहारी निघाले, त्यांना नुसती कोशिंबीर.

एक विचारायचंय: दोन किलोचं केलं, घरात तिघंच. उरलेलं कसं ठेवायचं?

ओसरी

हा हा! कोशिंबीर कुठली केलीत तेही लिहा. इथे कोबी बारीक चिरून व्हिनेगर-केचपमध्ये कालवतात, लेक्झिंग्टनकडे तिला लाल स्लॉ म्हणतात.

उरलेलं मांस त्याच्या रसासकट छोट्या पिशव्यांत, एका वेळेपुरतं, चपटं करून फ्रीझरमध्ये. रस नसेल तर गरम करताना सुतळी होते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. गरम करताना झाकण ठेवून मंद आच, चमचाभर व्हिनेगर शेवटी. धूर गोठवल्याने थोडा मंदावतो, म्हणून वाढायच्या आधी पुन्हा एक निखारा द्या, आणि झाकण या वेळी खिडकीत उघडा.

घाटकोपरची घाई

धन्स! काकडी-कांदा, व्हिनेगर, मिरची, बस. सेक्रेटरी आज सकाळी लिफ्टमध्ये रेसिपी विचारत होते. फणसाची लिंक पाठवली.